दोघांची सॅक आणि बार्शी लाइटची वाट

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली की बऱ्याच जोडप्यांच्या मनात युरोप येतो. रेल्वेचा पास काढायचा, पाठीवर सॅक टाकायची, स्वस्तातल्या खोलीत राहायचं आणि वाटेल त्या स्टेशनवर उतरायचं, असं ते चित्र असतं. ते मला मनापासून आवडतं आणि जमेल त्यांनी जरूर जावं. पण ज्यांच्या हाताशी आज तेवढे पैसे नाहीत, किंवा जे अजून कधी दोघंच दोघं आठ-दहा दिवस आगगाडीनं हिंडलेले नाहीत, त्यांना मी आधी येडशीचं तिकीट काढायला सांगेन. असल्या प्रवासाचं मर्म कुठल्या देशात जाता यात नाही, एकच रेल्वेमार्ग धरून त्याच्या छोट्या गावांत उतरत जाण्यात आहे. तसा मार्ग आपल्याकडे आहे आणि त्याला स्वतःचा इतिहासही आहे.

येडशी हे धाराशिव जिल्ह्यातलं बालाघाटाच्या डोंगरातलं गाव. सोलापूर-धुळे महामार्गावरून जाणाऱ्यांना ते चहाच्या थांब्यापुरतं माहीत असतं. रेल्वेच्या नकाशावर मात्र ते जुनं आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्यानं बार्शी लाइट रेल्वे उभी केली. रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर. १८९७ मध्ये ती मुख्य मार्गावरच्या बार्शी रोड स्टेशनपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शी गावापर्यंत धावू लागली. पुढे पंढरपूर जोडलं गेलं, १९११ मध्ये गाडी लातूरला पोचली आणि १९२७ मध्ये दुसरं टोक मिरजेला टेकलं. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटरची ही वाट १९५४ मध्ये सरकारनं ताब्यात घेतली. २००७-०८ मध्ये लातूरकडचा भाग रुंद झाला आणि तेव्हा मार्गाला वळसा देऊन धाराशिव शहर पहिल्यांदा त्यावर आणलं गेलं. आज तुम्ही बसाल ती गाडी मोठ्या रुळांवरून जाते, पण पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, येडशी, लातूर ही माळ तीच आहे. पाहण्यासारखं इतकं काही एवढ्या कमी अंतरात महाराष्ट्रातल्या फार थोड्या मार्गांवर असेल.

आता पैशांचं बोलू. दोघांचा मुक्काम, खाणं आणि स्थानिक फिरणं मिळून दिवसाला दोन हजार रुपये एवढी मर्यादा ठरवा आणि ती पाळा. त्यातले निम्मे खोलीला जातील. दागिने, भेटवस्तू, साड्या यांची खरेदी या हिशेबात आणू नका. ती करायची असेल तर शेवटच्या गावात करा, नाहीतर ते ओझं आठ दिवस पाठीवर वाहावं लागेल. पैसे एकाच खिशात ठेवू नका, पण हिशेब एकानंच लिहावा. रोज रात्री पाच मिनिटं वही उघडली की कुठे सुटलं ते कळतं आणि दुसऱ्या दिवशी एक जेवण साधं करून ते भरून काढता येतं.

तिकिटात वाचवण्याच्या दोन चांगल्या वाटा आहेत आणि दोन्ही लोक विसरले आहेत. पहिली म्हणजे रेल्वेचं चक्राकार प्रवासाचं तिकीट. जिथून निघालात तिथंच परत येणार असाल आणि जाण्या-येण्याची वाट वेगळी असेल, तर सगळ्या प्रवासाचं एकच तिकीट मिळतं. वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरून मुक्काम करता येतो. रेल्वेचं भाडं अंतर वाढेल तसं दर किलोमीटरला कमी होत जातं, म्हणून तुकड्या-तुकड्यांनी काढलेल्या तिकिटांपेक्षा हे स्वस्त पडतं. पुणेकरांसाठी याचा सुरेख घेर आहे: पुणे, दौंड, कुर्डुवाडी, बार्शी, येडशी, धाराशिव, लातूर, लातूर रोड, परळी, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाड, अहिल्यानगर आणि परत दौंडवरून पुणे. साधारण हजार-अकराशे किलोमीटरची ही फेरी आहे. पंढरपूर या घेरात बसत नाही. कुर्डुवाडीहून ते तास-दीड तासावर आहे, तेवढं वेगळं तिकीट काढायचं. चक्राकार तिकीट खिडकीवर लगेच हातात पडत नाही. कुठे कुठे उतरणार याचा तक्ता लिहून मोठ्या स्टेशनवर अर्ज द्यावा लागतो आणि विभागाच्या वाणिज्य अधिकाऱ्यांकडून भाडं ठरून येतं. तिकीट मिळाल्यावर प्रत्येक टप्प्याचं आरक्षण वेगळं करून घ्यायचं. म्हणून महिना-दीड महिना आधी सुरुवात करा. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला हा प्रकार माहीत नसला, तर मुख्य आरक्षण पर्यवेक्षकांना भेटा.

दुसरी वाट एसटीची. 'आवडेल तेथे प्रवास' हा पास महामंडळानं १९८८ मध्ये सुरू केला. तो चार किंवा सात दिवसांचा मिळतो. युरोपच्या रेल्वे पाससारखीच ती कल्पना आहे आणि त्या काळात कितीतरी शिक्षक कुटुंबांनी सगळा महाराष्ट्र त्यावर पाहिला. पण जोडप्यानं तो डोळे झाकून घेऊ नये. मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना निम्मं तिकीट आहे. त्यामुळे बायकोसाठी सुटी तिकिटं काढणंच बहुतेक वेळा स्वस्त पडेल. नवऱ्याचा पास काढायचा की नाही, हे तुम्ही बसनं किती हिंडणार यावर ठरवा. या मार्गावर रेल्वे मुख्य आणि एसटी जोडीला असेल, तर दोघांनाही सुटं तिकीटच परवडतं असं माझं मत आहे.

आरक्षण आता प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं. मुंबई किंवा पुण्याहून निघणाऱ्यांनी मुंबई-लातूर ही रात्रीची गाडी धरली तर एका मुक्कामाचे पैसे वाचतात. कोल्हापूर, सांगलीकडच्यांना मिरज-परळी आणि कोल्हापूर-नागपूर या गाड्या सोयीच्या. स्लीपरचं तिकीट आरएसीमध्ये गेलं तर जोडप्यानं घाबरू नये. एकाच पीएनआरवरच्या दोघांना बहुधा बाजूचा खालचा एकच बर्थ अर्धा-अर्धा मिळतो. अनोळखी माणसाबरोबर ते अवघड होतं, नवरा-बायकोला रात्र काढता येते. दिवसाच्या छोट्या टप्प्यांना आरक्षणाची गरज नाही. अनारक्षित तिकीट मोबाईलवर किंवा खिडकीवर काढा, मात्र दोनशे किलोमीटरच्या आतलं असेल तर तीन तासांच्या आत गाडीत बसलं पाहिजे हे लक्षात ठेवा. गाडी शोधताना धाराशिव आणि त्याचं जुनं उस्मानाबाद अशी दोन्ही नावं टाकून पाहा. आणखी एक काळजी घ्या. सगळ्या एक्स्प्रेस येडशीला थांबत नाहीत. थांबा नसेल तर धाराशिवला उतरून एसटीनं यावं, वीसेक किलोमीटरचं अंतर आहे.

कागदपत्रांत एकच गोष्ट नीट करा. लग्नानंतर तिनं नाव बदललं असेल आणि आधारवर माहेरचं असेल, तर तिकीट आणि खोली दोन्ही आधारवरच्याच नावानं घ्या. लॉजवर दोघांचीही ओळखपत्रं मागतात, झेरॉक्सच्या चार-चार प्रती जवळ असाव्यात. मोठ्या स्टेशनांवर विश्रांतीकक्ष मिळतात, त्यासाठी पक्कं किंवा आरएसी तिकीट लागतं. पंढरपूर आणि तुळजापूरला देवस्थानांचे भक्तनिवास आहेत. लॉजपेक्षा तिथल्या खोल्या बहुधा स्वच्छ आणि स्वस्त असतात. आधी नोंदणी होते का ते बघून घ्या.

सॅक प्रत्येकाची स्वतःची, चाळीस लिटरच्या आतली, आणि भरून सात-आठ किलोंपेक्षा जड नको. चाकांची बॅग इथे कामाची नाही. छोट्या स्टेशनवर पूल चढायचा असतो, एसटीत ती मांडीवर घ्यावी लागते. कपड्यांचे दोन जोड अंगावरच्याखेरीज पुरतात, रात्री धुतले की सकाळपर्यंत वाळतात. एक सुती चादर, एक पंचा, दोरी, साबणाची वडी, टॉर्च, सॅकला लागेल असं कुलूप. सामानघरात कुलूप नसलेलं सामान घेत नाहीत. येडशीसारख्या ठिकाणी सामानघरच नसतं, तेव्हा खोली सोडल्यावर सॅक दुपारपर्यंत लॉजच्या काउंटरवर ठेवण्याचं आधीच विचारून घ्या. पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या घ्याच. आणि लॉजमध्ये पाणी जपून वापरा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीनं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आलं, ते याच वाटेनं. या भागात बादलीभर पाण्यात आंघोळ करणं हा पाहुण्यानं दाखवायचा आदर आहे.

कधी जावं? माझी निवड दोन हंगामांची. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत बालाघाट हिरवा असतो, रामलिंगचा धबधबा वाहतो. फक्त आषाढीच्या आसपास पंढरपूरला मुक्कामाची आशा धरू नका आणि श्रावणातल्या सोमवारी रामलिंगला गर्दी असते. दुसरा हंगाम डिसेंबर-जानेवारीचा. तेव्हा ज्वारी हुरड्यात येते आणि मार्गशीर्ष अमावस्येला धाराशिव-लातूर भागात वेळ अमावस्या असते, लोक तिला येळवस म्हणतात. सगळं गाव शेतात जेवायला जातं. भज्जी, आंबील, उंडे, बाजरीची भाकरी असा तो बेत असतो. वाटेवरच्या माणसालाही आग्रहानं बसवतात. ओळखीचं कुणी त्या भागात असेल तर तारीख विचारून सहल तिच्याभोवतीच आखा. त्या दिवशी शहरांतली दुकानं बरीचशी बंद असतात हे मात्र धरून चाला. मार्च ते जून जाऊ नये, उन्हात दोघांचीही सहनशक्ती संपते. नवरात्रात तुळजापूरची वाट पायी जाणाऱ्यांनी भरलेली असते. दर्शनाला जायचं असेल तर जावं, निवांत हिंडण्याला तो काळ नाही.

पहिला मुक्काम पंढरपूरला ठेवा. पहाटे चंद्रभागेच्या वाळवंटात जा, मग दर्शनाच्या रांगेत उभे राहा. कुर्डुवाडीला गाडी बदलताना तासभर मिळाला तर स्टेशन बघा. लहान रुळांच्या काळातलं मोठं ठाणं आणि कारखान्याचं गाव ते. बार्शीला अर्धा दिवस पुरे. भगवंताचं मंदिर पाहा, बाजारात ज्वारी आणि तुरीच्या डाळीची पोती बघत फिरा. याच बाजाराच्या मालासाठी रेल्वे इथं आली.

येडशीला मात्र घाई करू नका. मुक्कामाला पर्याय धाराशिव शहरात जास्त आहेत, म्हणून खोली तिथं घ्या आणि येडशीला पहाटेच या. रामलिंगाचं मंदिर घाटाच्या खोऱ्यात, ओढ्याच्या वळणात आहे. रावणाशी झुंजून जखमी झालेल्या जटायूसाठी रामानं बाण मारून इथं पाणी काढलं, अशी इथली कथा आहे. जटायूची समाधीही दाखवतात. पावसाळ्यात मंदिराजवळच धबधबा कोसळतो. तिथले दगड शेवाळलेले असतात, फोटोसाठी काठावर जाण्याचा मोह आवरा. माकडं पुष्कळ आहेत. हातात खाऊची पिशवी दिसली की ती जाते, त्यामुळे खाणं सॅकच्या आतच ठेवा आणि माकडांना काही देऊही नका. आजूबाजूचं जंगल १९९७ पासून अभयारण्य आहे, सुमारे बावीस चौरस किलोमीटरचं. एवढंसं हे रान, पण २०२४ च्या अखेरीस यवतमाळकडच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला एक वाघ इथल्या कॅमेऱ्यांत दिसला. मराठवाड्याच्या या कोपऱ्यात वाघ, ही बातमी मी किती आनंदानं वाचली ते सांगता येत नाही. तुमच्यासाठी त्याचा अर्थ साधा आहे. वनखात्यानं मोकळ्या ठेवलेल्या वाटेनंच जा, अंधारात फिरू नका, दोघांपैकी कुणी एकटं पुढे-मागे राहू नये आणि जाण्याआधी स्टेशनवर किंवा गावात परिस्थिती विचारा. मंदिरापर्यंतची रिक्षा येण्या-जाण्याची ठरवून घ्या, तिथून परतीचं वाहन मिळेलच असं नाही.

धाराशिवहून दोन बाजूंना एसटीनं जायचं. शहरालगतच्या डोंगरात धाराशिवची लेणी आहेत, पार्श्वनाथांच्या मूर्ती असलेली. ती सकाळच्या उन्हात पाहावीत. तुळजापूर वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे, दर्शन करून पुढे नळदुर्गला जाता येतं. बोरी नदी अडवून बांधलेल्या तिथल्या पाणीमहालातून पावसाळ्यात दोन बाजूंनी पाणी कोसळतं, त्यांना नर आणि मादी म्हणतात. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेचं काम चालू आहे, ते झालं की ही एसटीही लागणार नाही.

पण एकच दिवस हाती असेल तर तो तेरला द्या. तेर म्हणजे प्राचीन तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या व्यापारी माहितीपुस्तकात पैठण आणि तगर यांची नावं शेजारी-शेजारी येतात, तगरचं कापड भडोचच्या बंदरातून बाहेर जाई. गावात विटांचं त्रिविक्रम मंदिर आहे, मागून चैत्यासारखं गोलाकार. उत्तरेश्वराचं मंदिर आहे. संत गोरोबाकाकांची समाधी तेरणेच्या काठी आहे. आणि रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आहे, त्यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंवर उभं राहिलेलं. तेरला हस्तिदंताची एक बाहुली सापडली आहे. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती इटलीत, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात मिळाली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. उद्या तुम्ही युरोपात गेलात आणि नेपल्सला ती पाहिलीत, तर तिच्यासमोर उभं राहताना तेर पाहिलेल्या माणसाला जे वाटेल ते इतर पर्यटकांना वाटणार नाही. सरकारी संग्रहालयांना साधारणपणे सोमवारी सुट्टी असते, तेवढा वार टाळा.

खाण्याचा खर्च इथे आपोआप आटोक्यात राहतो. भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा मिळणारी खानावळ शोधा, हॉटेलातलं पनीर पुण्यातही मिळतं. कुंथलगिरीच्या खव्याचे पेढे घ्या. दुपारचं जेवण भरपेट आणि रात्री फळं-दूध, असं ठेवलंत तर पोटही बरं राहतं.

दोघांच्या प्रवासात भांडण बहुतेक भुकेनं, उन्हानं किंवा "आता कुठे?" या प्रश्नानं होतं. म्हणून एक दिवस एकानं ठरवायचा, दुसरा दिवस दुसऱ्यानं, आणि ज्याचा दिवस नाही त्यानं तक्रार रात्रीच्या वहीपर्यंत राखून ठेवायची. तिला लेणी बघायची आणि त्याला स्टेशनवर गाड्या बघत बसायचं असेल तर दोन-तीन तास वेगळं व्हायला हरकत नाही. घरी सतत कुणीतरी असणाऱ्या जोडप्यांना एवढा मोकळेपणा लग्नानंतर पहिल्यांदाच मिळतो. तो वेळापत्रकानं भरून टाकू नका.

आणि मग युरोप. तिथल्या खर्चाचा अंदाज यावा म्हणून एकच आकडा देते. शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून माणशी ९० युरो आहे. दोघांचे १८० युरो, म्हणजे सोळा हजार रुपयांहून जास्त. वर सांगितलेल्या मर्यादेत मराठवाड्यातले आठ दिवस तेवढ्यात होतात. शिवाय माणशी किमान तीस हजार युरोचा प्रवासविमा सक्तीचा आहे. भारतीयांनी घ्यायचा तो युरेल पास, इंटररेल हा युरोपातल्या रहिवाशांसाठी आहे. पास असला तरी फ्रान्स, इटली, स्पेनमधल्या वेगवान गाड्यांना जागेचं आरक्षण वेगळं आणि महाग असतं, ते धरल्याशिवाय बजेट मांडू नका. तीन-चारच शहरं बघायची असतील तर पास घेण्याऐवजी लवकर काढलेली सुटी तिकिटं स्वस्त पडतात. अनारक्षित प्रादेशिक गाड्यांनी छोट्या गावांत उतरत जाणाऱ्यांना पासचा खरा फायदा आहे, आणि येडशीच्या वाटेवर तुमची तीच सवय झालेली असेल. इंग्लंडला जाणार असाल (तिथला व्हिसा वेगळा) तर स्टॅफर्डशायरमधली मॅनिफोल्ड नदीकाठची वाट चाला. तिथेही याच कॅलथ्रॉपनं बार्शीच्याच मापाची छोटी रेल्वे बांधली होती. ती १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. रूळ उखडून तिची पायवाट केली आहे, लोक तिथं चालायला आणि सायकल चालवायला येतात.

आपली बार्शीची वाट मात्र चालू आहे, रुंद झाली आहे आणि तिच्यावरून रोज गाड्या जातात. छोट्या स्टेशनवरचा थांबा ठेवायचा की नाही हे ठरवताना रेल्वे तिथल्या तिकीटविक्रीकडे बघते. तेव्हा चक्राकार तिकिटाच्या अर्जात येडशीचं नाव नुसत्या धाराशिवऐवजी स्वतंत्र लिहा, आणि सुटं तिकीट काढत असाल तर येडशीचंच काढा.